‘समजलं का?’ विचारू नका, नकाशा काढायला सांगा



हातखंबा तिठ्यावर उभे राहिलात तर रस्ते तीन दिशांना जातात. एक रत्नागिरीकडे, एक निवळी-संगमेश्वर करत मुंबईकडे आणि तिसरा पालीकडे. पालीला पोचलात की पुन्हा फाटा. एक रस्ता लांजा-राजापूर करत गोव्याकडे, दुसरा साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला. आता एखाद्याला रत्नागिरी, पाली, कोल्हापूर, गोवा ही नावं तोंडपाठ आहेत, म्हणून त्याला रस्ता माहीत आहे असं म्हणाल का? नाही ना. कुठून कुठे जाता येतं आणि कुठे वळायचं हे सांगता आलं, तर रस्ता माहीत.

शिकण्याचंही तसंच आहे. शिकणाऱ्याला शब्द पाठ असतात, पण एका शब्दाचा दुसऱ्याशी संबंध काय, हे त्याच्या डोक्यात काय बसलंय ते आपल्याला दिसत नाही. ते दिसावं म्हणून एक पद्धत आहे: संकल्पना-नकाशा, म्हणजेच कन्सेप्ट मॅप. व्हिडिओत मी फळ्यावर काढून दाखवलाय. इथे तो सावकाश, पायरी-पायरीने बघू.

तुम्ही म्हणाल, ‘सर, आम्ही धंदा करणार, आम्हाला मास्तरकी कशाला?’ तीन कारणं आहेत. एक, आपल्यापैकी बरेच जण शिवणक्लास, बेकरी क्लास, शिकवणी असाच व्यवसाय सुरू करणार आहेत. विद्यार्थ्याला खरंच समजलं की नाही, हाच तिथला माल. दोन, उद्या हाताखाली दोन माणसं ठेवलीत की त्यांना शिकवावंच लागतं. आणि तीन, कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी स्वतःचीच परीक्षा घ्यायला याच्याइतकं स्वस्त साधन नाही. एक कागद आणि एक पेन्सिल.

माझ्या परीक्षेत पास, नकाशात नापास

आधी माझीच चूक सांगतो. हातखंब्याला अन्नप्रक्रिया उद्योगावर एक बॅच घेतली होती. बहुतेक ताया, काही तरुण मुलं. विषय होता कोकम सरबत, आंबापोळी, फणसपोळी असे घरगुती पदार्थ आणि त्यासाठीच्या सरकारी योजना. त्यात पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना, मी नीट शिकवली होती, असं मला वाटत होतं. शेवटी दहा प्रश्नांची चाचणी घेतली. अनुदान किती टक्के? ३५. जास्तीत जास्त किती? १० लाख. स्वतःचा हिस्सा किमान किती? १० टक्के. एका ताईंना दहापैकी दहा मिळाले. मी खूश.

दुसऱ्या दिवशी वेळ उरला म्हणून सगळ्यांना नकाशा काढायला लावला. प्रश्न दिला: ‘माझा कोकम सरबताचा धंदा पहिल्या वर्षी कसा चालेल?’ त्याच ताईंच्या कागदावर एक बाण होता. ‘अनुदान’ या चौकटीतून निघून ‘रातांबे’ या चौकटीत जाणारा. बाणावर लिहिलं होतं: ‘मिळालं की घेणार’. दुसरा बाण ‘अनुदान’कडून ‘दागिने’कडे. त्यावर लिहिलं होतं: ‘सोडवणार’.

मी विचारलं, ‘ताई, हे दागिने कुठून आले मध्येच?’

त्या म्हणाल्या, ‘सर, तिठ्याजवळ गाळा बघितलाय. डिपॉझिट भरायला दागिने ठेवणार. जूनमध्ये अनुदान आलं की पहिले ते सोडवायचे.’

मी खालीच बसलो. कारण या योजनेत अनुदान तसं हातात येत नाही. ते कर्जाशी जोडलेलं असतं. कर्ज मंजूर होऊन उचल झाली की अनुदानाची रक्कम बँकेत तुमच्या नावाने वेगळ्या खात्यात जमा होते आणि तिथेच राहते. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षांनी, कर्जखातं नियमित असेल आणि युनिट चालू असेल, तर ती कर्जात वळती होते. दुसरं म्हणजे ते भांडवली अनुदान आहे, यंत्रसामग्रीसारख्या खर्चासाठी. त्यातून रातांबे विकत घेता येत नाहीत आणि गहाण ठेवलेले दागिने तर नाहीतच.

टक्का बरोबर, कमाल रक्कम बरोबर, दहापैकी दहा. आणि तरीही घरातलं सोनं अशा पैशाच्या भरवशावर गहाण पडणार होतं, जो जूनमध्ये येणारच नव्हता. यात त्यांची चूक नव्हती. ‘पस्तीस टक्के अनुदान मिळतं’ हे वाक्य मीच वर्गात चार वेळा बोललो होतो. ‘मिळतं’ या शब्दात कुणाला, कधी, कुठे आणि कशासाठी, यातलं काहीच नाही. माझ्या चाचणीने तेच अर्धवट वाक्य परत मोजलं.

संकल्पना-नकाशा म्हणजे नेमकं काय

ही पद्धत माझी नाही. १९७२ साली, म्हणजे आपल्या दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं त्याच वर्षी, तिकडे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. शाळकरी मुलांना विज्ञानाच्या कल्पना कशा समजत जातात, याचा ते बारा वर्षं चाललेला अभ्यास करत होते. मुलांच्या मुलाखतींचे कागद ढिगाने साचले. त्या ढिगातून मुलाच्या समजुतीत काय बदललं ते दिसेना. म्हणून त्यांनी प्रत्येक मुलाचं बोलणं चौकटी आणि बाणांत मांडायला सुरुवात केली. मागचा विचार डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाचा होता: शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे, यावर तो पुढचं काय शिकेल हे सर्वांत जास्त ठरतं. नोव्हॅक आणि बॉब गोविन यांचं या पद्धतीवरचं पुस्तक १९८४ मध्ये आलं.

नकाशात चारच गोष्टी असतात.

१. मुख्य प्रश्न. कागदाच्या डोक्यावर लिहायचा. ‘कोकम’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘कोकम सरबताच्या बाटलीत मला पैसे कसे सुटतात?’ हा प्रश्न.

२. चौकटी. एका चौकटीत एकच कल्पना, एक-दोन शब्दांत. रातांबे, साखर, बाटली, उधारी, नफा. मोठी, व्यापक कल्पना वर, बारीक तपशील खाली.

३. बाण आणि बाणावरचे शब्द. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. चौकट, बाण, चौकट असं ओळीने वाचलं की पूर्ण वाक्य व्हायला हवं. ‘दुकानदार — महिन्याने पैसे देतो, ती — उधारी’. हे वाक्य खरं की खोटं, हे तपासता येतं.

४. आडवे दुवे. कागदाच्या एका कोपऱ्यातली कल्पना दुसऱ्या कोपऱ्यातल्या कल्पनेला जोडणारा बाण. पावसाचा दुवा बँकेच्या हप्त्याशी, लेबलचा दुवा गिऱ्हाइकाच्या शहराशी. विषय मुरला की नाही, ते इथे कळतं.

बऱ्याच जणांना माइंड मॅप माहीत असतो. मधोमध एक गोल आणि चारी बाजूंना फांद्या. तो आठवण ठेवायला, नवीन कल्पना सुचायला चांगला. पण त्यातल्या रेषांवर सहसा शब्द नसतात. त्यामुळे ‘अनुदान’ आणि ‘रातांबे’ यांच्यामध्ये नुसती रेघ असती, तर मला ताईंची अडचण दिसलीच नसती. तपासायचं असेल तर बाणावर शब्द हवेतच.

वर्गात नकाशा कसा काढून घ्यायचा

पायरी १: आधी सोप्या विषयावर सराव. पहिल्याच दिवशी कर्जाचा नकाशा मागू नका. नाहीतर तुम्ही विषयाची समज नाही, नकाशा काढायची सवय मोजाल. मी ‘टपरीवर चहा कसा होतो?’ यावर सगळ्यांकडून मिळून फळ्यावर काढून घेतो. दूध, पाणी, चहा पावडर, गॅस, गिऱ्हाईक, सुट्टे पैसे. पंधरा मिनिटांत पद्धत कळते.

पायरी २: प्रश्न द्या. ‘काय’पेक्षा ‘कसं’ आणि ‘का’ असलेला. ‘परवान्याचे प्रकार कोणते?’ म्हटलं की यादी येते. ‘माझी बाटली दुकानात ठेवण्याआधी काय-काय झालेलं असायला हवं आणि का?’ म्हटलं की विचार येतो.

पायरी ३: शब्दांच्या चिठ्ठ्या द्या. विषयातले दहा-बारा शब्द चिठ्ठ्यांवर लिहून द्या आणि दोन-तीन चिठ्ठ्या कोऱ्या ठेवा. शिकणारा त्या कागदावर हव्या तशा मांडतो, सरकवतो, मग बाण काढतो. कोऱ्या चिठ्ठीवर तो स्वतःहून काय लिहितो, ते नीट बघा. ताईंनी ‘दागिने’ हा शब्द कोऱ्या चिठ्ठीवरच लिहिला होता. माझ्या यादीत तो नव्हता.

पायरी ४: वीस ते पंचवीस मिनिटं एकट्याने. शेजाऱ्याशी बोलायचं नाही. चर्चा नंतर. आधीच चर्चा झाली की सगळ्यांचे नकाशे गटातल्या हुशार माणसासारखे येतात आणि तुम्हाला एकाच माणसाची समज तीसदा दिसते.

पायरी ५: मोठ्याने वाचून घ्या. एकेक बाण वाक्य म्हणून वाचायला सांगा. वाचता-वाचता अर्ध्या चुका माणूस स्वतःच पकडतो. ‘अहो नाही सर, हे उलटं झालं’ असं म्हणून बाण फिरवतो. ते त्याचं शिकणंच आहे. त्याला फिरवू द्या.

वेळ कमी असेल तर अर्धा नकाशा तयार देऊन रिकाम्या चौकटी भरून घेता येतात. तपासायला तो सोपा पडतो. पण त्यात दुवे तुम्हीच दिलेले असतात, त्यामुळे शिकणाऱ्याच्या डोक्यातले दुवे दिसत नाहीत. नवख्यांसाठी सुरुवातीला तो ठीक. शेवटची तपासणी मात्र कोऱ्या कागदावरच घ्या.

नकाशा वाचायचा कसा

आता खरं काम. तीसजणांचे कागद गोळा झाले. बघायचं काय?

पहिलं, बाणावरची क्रियापदं बघा. आपल्या मराठीत चार शब्द फार फसवे आहेत: असतं, होतं, लागतं, मिळतं. कुठेही बसतात आणि काही सांगत नाहीत. ‘धंद्याला परवाना लागतो’, ‘कर्ज मिळतं’, ‘नफा होतो’. बरोबरच आहे, पण कळलं काय? माझ्या वर्गात आता नियम आहे: हे चार शब्द एकटे वापरायचे नाहीत. ‘लागतो’ लिहिलं तर कधी आणि कुणाकडून तेही लिहा. ‘मिळतं’ लिहिलं तर कुठे जमा होतं आणि कधी वापरता येतं ते लिहा. एवढ्या एका नियमाने माझ्या वर्गात जेवढे गैरसमज बाहेर आले, तेवढे कुठल्याच चाचणीने आले नव्हते.

दुसरं, नकाशाचा आकार बघा. इयन किंचिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली विद्यार्थ्यांच्या नकाशांचे तीन आकार मांडले. आपल्या वर्गातही तेच दिसतात.

*चाकाचे आरे:* मधोमध ‘माझा धंदा’ आणि चारी बाजूंना दहा चौकटी. एकमेकींत काहीच दुवा नाही. माणसाने माहिती गोळा केली आहे, पण सुटी-सुटी. एक गोष्ट बदलली तर दुसरीवर काय परिणाम होईल, ते त्याला सांगता येणार नाही.

*साखळी:* नोंदणी, मग कर्ज, मग मशीन, मग माल, मग विक्री, मग नफा. दिसायला छान. पण साखळीची एक कडी तुटली की पुढचं सगळं थांबतं. अशा माणसाला विचारा, ‘पाऊस आठ दिवस आधी आला तर?’ तो गप्प होतो.

*जाळं:* चौकटी एकमेकींना अनेक बाजूंनी जोडलेल्या. एक वाट बंद झाली तर दुसरी दिसते. आपल्याला शिकणाऱ्याला इथपर्यंत आणायचंय.

साखळी वाईट असं नाही. यंत्र चालवायला, बाटल्या निर्जंतुक करायला क्रमच हवा, तिथे साखळी योग्य. निर्णय घ्यायचा असेल तिथे जाळं हवं.

तिसरं, गुण द्यायचेच असतील तर. नोव्हॅक-गोविन यांची पद्धत अशी: प्रत्येक बरोबर वाक्याला १ गुण, वरून खाली उतरणाऱ्या प्रत्येक योग्य पातळीला ५, महत्त्वाच्या आणि बरोबर आडव्या दुव्याला १० आणि नेमक्या उदाहरणाला १. आडव्या दुव्याला वाक्याच्या दसपट गुण का, ते आता लक्षात आलं असेल. फी घेऊन प्रमाणपत्र देणारा क्लास चालवत असाल तर ही पद्धत वापरा. माझ्या छोट्या बॅचमध्ये मी गुण देत नाही. तीन रंगांची पेनं घेतो. बरोबर वाक्याला हिरवी खूण, अर्धवटाला पिवळी, धोक्याच्या चुकीला लाल. धोक्याची म्हणजे जिच्यामुळे पैसा, परवाना किंवा गिऱ्हाइकाची तब्येत अडचणीत येईल ती. लाल खूण असलेला माणूस त्या दिवशी माझ्याशी बोलल्याशिवाय घरी जात नाही.

चौथं, काय नाही ते बघा. त्या बॅचच्या नकाशांत ‘उधारी’ ही चौकट फक्त दोघांच्या कागदावर होती. म्हणजे बाकीच्यांना समजलं नाही, असं मी म्हणणार नाही. मीच तो विषय घाईत उरकला होता. निम्म्याहून जास्त वर्गाकडे एखादी चौकट नसेल, तर तो शिकवणाऱ्याचा निकाल असतो.

कोकमाचा नकाशा पुन्हा एकदा

ताईंनी आठवड्याने नवा नकाशा काढला. त्याच प्रश्नावर. त्यातले काही बाण त्यांच्या परवानगीने इथे देतो.

रातांबे → एप्रिल-मेमध्येच, पाऊस लागण्याआधी, रोखीने घ्यावे लागतात → हातातला पैसा

सरबत → वर्षभर थोडं-थोडं विकलं जातं → दुकानदार

दुकानदार → महिन्याने पैसे देतो → उधारी

उधारी → हप्त्याच्या तारखेला थांबत नाही, म्हणून अडचणीत आणते → कर्जाचा हप्ता

अनुदान → तीन वर्षांनी, खातं नियमित असेल तर, कमी करतं → कर्ज

परगावचं गिऱ्हाईक → गोव्याला कुरिअर मागितलं तर भाग पाडतं → जीएसटी नोंदणी

शेवटचा बाण बघा. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण आपला करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी घ्यावी लागते. महामार्गावर गोव्याचा पर्यटक थांबतो, बाटली घेतो, आवडली तर ‘पुढच्या वेळी घरी पाठवाल का?’ विचारतो. हातखंब्याच्या धंद्याला हा प्रश्न येणारच. या दुव्याला मी दहापैकी दहा दिले.

पहिल्या चार बाणांचं गणितही करून बघू. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला. १,००० बाटल्या. रातांबे, साखर, बाटली, लेबल मिळून ७५ रुपये, पोचवण्याचा खर्च १५ रुपये, एकूण ९० रुपये. दुकानदाराला १३० ला दिली. एका बाटलीमागे ४० रुपये, म्हणजे एकूण ४०,००० नफा. कागदावर झकास.

आता तारखा लावा. मे अखेर ७५,००० रुपये गेले. जूनपासून महिन्याला १०० बाटल्या गेल्या. दुकानदार महिन्याने पैसे देतो, म्हणून जूनमध्ये शून्य, जुलैमध्ये १३,०००, ऑगस्टमध्ये १३,०००. ऑगस्ट अखेर आलेले २६,०००. गेलेले ७५,००० अधिक तीनशे बाटल्यांच्या पोचवणीचे ४,५००, म्हणजे ७९,५००. अजून ५३,५०० रुपये बाहेरच अडकलेत. गाळ्याचं भाडं आणि बँकेचा हप्ता यात धरलेलाच नाही. धंदा नफ्यातला आहे आणि तरी गणपतीला घरात पैसा नाही, असं होतं ते असं.

ताईंनी हे गणित स्वतः मांडलं आणि त्या वर्षी गाळा घेतला नाही. दोन दिवस त्या नाराज होत्या. तिठ्यावरची मोक्याची जागा दुसऱ्याने घेतली, हेही खरं. घरच्या स्वयंपाकघरात, एफएसएसएआयची नोंदणी काढून, त्यांनी दीडशे बाटल्यांपासून सुरुवात केली. दागिने घरातच राहिले. पुढे काय होईल ते मला सांगता येणार नाही, पण हा निर्णय त्यांनी समजून घेतलाय, एवढं मी खात्रीने सांगतो.

नकाशाने काय कळत नाही

प्रत्येक कुलपाला ही किल्ली लागत नाही.

हाताचं कसब नकाशाने तपासता येत नाही. पाक किती तारी झाला, झाकण घट्ट बसलं का, शिलाई सरळ आली का, हे करून दाखवायलाच लावा.

ज्यांना लिहिण्याचा सराव नाही, त्यांना कागद दिला की ती माणसं आक्रसतात. त्यांना बोलू द्या, नकाशा तुम्ही काढा आणि प्रत्येक बाण त्यांना वाचून दाखवून ‘असंच म्हणायचंय ना?’ विचारा. शब्द त्यांचेच ठेवा, तुमचे घालू नका.

‘बरोबर नकाशा’ असा एकच नसतो. तुमचा नकाशा फळ्यावर लावून तीसजणांना त्याच्याशी ताडून पाहू नका. मांडणी वेगळी असू शकते. वाक्य खरं आहे का आणि महत्त्वाचा दुवा सुटलाय का, एवढंच बघा.

आणि नियम बदलतात. योजनेची मुदत, परवान्याच्या उलाढालीची मर्यादा, कराचे दर. नकाशातला सरकारी बाण दर वर्षी कार्यालयात किंवा पोर्टलवर तपासून घ्यायचा. पीएमएफएमईसाठी आपल्या जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात विचारा. अर्ज करण्याआधी त्या वेळची स्थिती तिथूनच कळेल.

तुमचा गृहपाठ

आज रात्री अर्धा तास काढा. फोन बाजूला ठेवा.

१. कागदाच्या डोक्यावर लिहा: ‘माझ्या धंद्यात पहिल्या सहा महिन्यांत पैसा कुठून येईल आणि कुठे जाईल?’

२. या बारा चौकटी घ्या: माझी बचत, कर्ज, अनुदान, कच्चा माल, हंगाम, परवाना, लेबल, दुकानदार, उधारी, हप्ता, घरखर्च, नफा. तीन चौकटी कोऱ्या ठेवा. मनात जे येईल ते त्यात लिहा, लाजू नका.

३. बाण काढा. प्रत्येक बाणावर शब्द हवेत. असतं, होतं, लागतं, मिळतं हे एकटे चालणार नाहीत.

४. जिथे पैसा हलतो त्या प्रत्येक बाणावर महिना लिहा.

५. निदान तीन आडवे दुवे शोधा.

६. नकाशा घरातल्या एका माणसाला वाचून दाखवा. धंद्यातलं काही न कळणारं माणूस असेल तर उत्तम. ते जिथे ‘म्हणजे काय?’ विचारतील, तिथे लाल खूण करा. उद्या त्या खुणेचं उत्तर शोधायचं. बँकेत जायचं ते त्यानंतर.

कागदावर तारीख घाला आणि जपून ठेवा. तीन महिन्यांनी तोच प्रश्न घेऊन, जुना कागद न बघता, नवा नकाशा काढा. दोन्ही शेजारी ठेवलेत की तुम्ही काय शिकलात ते दिसेल. क्लास चालवणाऱ्यांनी पहिल्या आणि शेवटच्या दिवशी हेच करून घ्या. विद्यार्थ्याला त्याने भरलेल्या फीचं काय मिळालं, ते त्याच्याच अक्षरात त्याच्या हातात पडेल.

आणि शिकवताना वर्गाला ‘समजलं का?’ विचारायचा मोह झाला, तर थांबा. त्या प्रश्नाला मराठी माणूस ‘हो सर’ म्हणतोच. आपल्याकडे तो आदर असतो. त्याऐवजी कागद पुढे सरकवा आणि म्हणा, ‘ताई, हा बाण जरा वाचून दाखवता?’

पुढच्या भागात बाटलीच्या लेबलवर काय-काय छापायचं ते नकाशा काढूनच शिकू. तोपर्यंत गृहपाठ करा. भेटू लवकरच!